निफाडची थंडी आणि गेलेल्या चार कोंबड्या : तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज सकाळी वर्कशॉपमध्ये सगळ्या मुलांना वाचून दाखवला. नोव्हेंबरात तुम्ही आमच्याकडून वीस कोंबड्यांचं खुराडं आणि त्याला जोडून जाळीचं आवार घेतलंत. 'थंडीसाठी खास' असं सांगून आम्ही ते विकलं, आणि जानेवारीत तुमच्या चार कोंबड्या गेल्या. पहाटे पत्र्यातून पाणी टपकतं, आत गेलं की डोळे चुरचुरतात, अंडी चौदावरून पाचावर आली, आणि एवढे पैसे घेऊन साधा हीटरही दिला नाही, असं तुम्ही लिहिलंय. हाताने वाढवलेल्या कोंबड्या अशा जाणं किती लागतं ते मला माहीत आहे. मनापासून माफी मागतो.

आधी पाण्याचं सांगतो, कारण बाकीचं बरंचसं त्यातूनच आलंय. पत्रा गळत नाहीये. ते पाणी कोंबड्यांचंच आहे. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. वीस कोंबड्यांचं पाच लिटर झालं. त्यातलं बहुतेक पाणी श्वासातून आणि विष्ठेतून परत बाहेर येतं. ताज्या विष्ठेत तर जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं. निरभ्र रात्री उघड्या आभाळाखालचा पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो. आतली दमट हवा त्याला लागते आणि त्याचे थेंब होऊन खाली अंथरलेल्या तुसावर पडतात. तूस भिजला की विष्ठा कुजून अमोनिया सुटतो. तुमचे डोळे चुरचुरतात ते त्यानेच. आपण दोन मिनिटांत बाहेर येतो. कोंबड्या मात्र रात्रीचे बारा-तेरा तास त्यातच बसून असतात. नाका-घशाचं आतलं अस्तर दुखावतं आणि मग सर्दी, घरघर पटकन धरते. डॉक्टरांनी तुमच्या कोंबड्यांना श्वसनाचा आजार सांगितला, तो याच वाटेने आला असावा असं मला वाटतं.

ही दमट हवा बाहेर जावी म्हणून आमच्या खुराड्याला छपराखाली चारही बाजूंनी सहा इंचांची जाळीची पट्टी उघडी ठेवलेली असते. तुमच्याकडे बसवताना आमच्या मुलांनी त्या पट्टीवरून ताडपत्री ठोकली. 'वारा येतो, बंद करा' असं तुम्ही म्हणालात, हे त्यांनी सांगितलं. पण ते कारण मी पुढे करणार नाही. गिऱ्हाईक म्हणालं तरी ती पट्टी बंद करायची नसते, आणि का करायची नसते हे समजावून सांगणं आमचं काम होतं. ते आम्ही केलं नाही. चूक आमची.

वारा अंगावर नको, हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. पण कोंबडी बसते त्या उंचीला वारा अडवायचा आणि तिच्या डोक्यावरून हवा खेळती ठेवायची. आपल्याकडच्या मोठ्या पोल्ट्री शेडचे पडदे बघा : खाली पक्के बांधलेले असतात आणि उघडतात वरून. थंडी कितीही असो, वरची फट बुजवायची नसते.

दुसरी चूक जागेची. टेम्पो जिथपर्यंत आला तिथेच आम्ही आवार मांडलं, घराच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून. तिथे सकाळचं ऊन पोचतच नाही. कादवेकाठचा तुमचा मळा, भोवती भिजवलेल्या द्राक्षबागा, रात्रभर पडलेलं दव; ऊन लागल्याशिवाय ती जमीन सुकणार कशी? तुमच्या कोंबड्या दुपारपर्यंत बाहेर पडत नाहीत याचं मला अजिबात नवल वाटलं नाही.

हीटरच्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. मोठ्या कोंबडीच्या अंगात ४१ अंशांच्या आसपास ऊब असते आणि पिसं फुलवून ती ऊब ती टिकवते. पारा शून्याच्या बराच खाली जातो अशा मुलखातही लोक हीटरशिवाय कोंबड्या सांभाळतात. निफाडला ५-६ अंशांवर आलं की आपण शेकोटीजवळून हलत नाही, पण कोरड्या कोंबडीला ती थंडी सोसते. ओल्या कोंबडीला सोसत नाही. पिल्लांचं वेगळं : त्यांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची. तुम्ही दोन रात्री आत कोळशाची शेगडी ठेवली असं लिहिलंय. काळजीपोटी ठेवलीत हे कळतं, पण पुन्हा कधीही ठेवू नका. बंद जागेत कोळशाचा वायू जीव घेतो, आणि त्याला वास नसतो.

फोटोत बसायच्या पट्टीच्या जागी लोखंडी पाइप दिसतोय. आमची दोन इंची चपटी लाकडी पट्टी पुन्हा लावा. तिच्यावर कोंबडी पाय पोटाखाली घेऊन बसते. थंड लोखंडावर रात्रभर तिची ऊब पायातून जात राहते.

अंडी कमी होण्यात खुराड्याचा दोष थोडाच आहे. आजारी कोंबडी अंडी देत नाही हे खरं, पण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो आणि भरपूर अंड्यांसाठी चौदा-सोळा तास उजेड लागतो. पहाटे टायमरवर एक ९ वॅटचा एलईडी लावला तर फरक पडेल. संध्याकाळी मूठ-मूठ मका जास्त टाका, थंडीत खुराक वाढतोच.

येत्या रविवारी मी स्वतः येतो. ताडपत्री काढून वरून उघडणारे पडदे लावू, पत्र्याखाली थर्माकोलच्या शीट बसवू आणि आवार घराच्या आग्नेयेला हलवू. याचे पैसे लागणार नाहीत. बसवणुकीचे घेतलेले पैसेही परत करतो. चार तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आमच्याकडून, पण डॉक्टरांनी बाकीच्या कोंबड्या बऱ्या झाल्याचं सांगितल्यावरच आणेन. आजारी कळपात नव्या सोडल्या तर त्याही जातील. यापुढे 'थंडीसाठी खास' म्हणून विकताना पट्टी उघडी ठेवायची सूचना दारावरच रंगवून देणार आहोत.

रविवारची वाट मात्र बघू नका. आज अंधार पडायच्या आत वरची ताडपत्री कापून टाका, ओला तूस उकरून बाहेर काढा आणि कोरडा तूस चार-पाच इंच पसरा. पहाटे आत जाऊन पत्र्याला हात लावून बघा. ओला लागला तर लगेच फोन करा, मी रविवारच्या आधीच येतो.