पितळी रेडिएटर लावला म्हणून गाडी 1914 ची होत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तळमळीने लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो. फोर्डच्या टी मॉडेलच्या (शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारीच्या) एका गाडीवर मी लिहिलेल्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं: आरसी बुकात 1914 असताना मी ती गाडी 1919 नंतरची ठरवून मालकाचा अपमान केला, चेसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) नंबर नाही, म्हणजे गाडी जोडजाड केलेली, आणि ते मी लिहिलं नाही, शिवाय जुना रंग राखा असं सांगून मी लोकांना कंजूषपणा शिकवतो. तुमच्या मते अशी गाडी पत्र्यापर्यंत घासून, चेरी लाल रंग मारून, दिवे क्रोम करून रॅलीत उतरवायला हवी.

आधी सालाबद्दल. इतक्या जुन्या गाडीच्या आरसीतलं साल बहुतेक वेळा कुणीतरी तोंडी सांगितलेलं असतं आणि पुढे तेच नकलत जातं. त्यामुळे मी साल गाडीला विचारतो, तेही अशा भागांपासून सुरुवात करून, जे शोभेसाठी कुणी बदलत नाही. पितळी रेडिएटर आणि कार्बाइडचे दिवे पाहून गाडी 1914 ची वाटते, पण ते कुठल्याही टीवर चढवता येतात. मालकांना ते आवडतात आणि बाजारात नवे बनवूनही मिळतात. या गाडीच्या पुढच्या एक्सलखाली मी आडवा होऊन पाहिलं. एक्सलपासून इंजिनखाली जाणारा व्ही आकाराचा दांडा एक्सलच्या खालून जोडलेला आहे. 1919 च्या आधी तो एक्सलच्या वरच्या बाजूला जोडत. इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उंच आहे; 1916 पर्यंतच्या गाड्यांचं हेड बुटकं असायचं. गिअरबॉक्सच्या झाकणाला सेल्फची मोटर बसवायची जागा ओतलेली आहे, आणि टीला सेल्फ मिळू लागला 1919 पासून, तोही सुरुवातीला सगळ्या गाड्यांना नाही.

यातला एखादा भाग दुरुस्तीत बदलला गेला असेल, हे मान्य. तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर मी आरसीपेक्षा त्यांचं ऐकतो. इंजिन नंबरच्या आधी सी हे अक्षर आहे, म्हणजे इंजिन फोर्डच्या कॅनडातल्या वॉकरव्हिलच्या कारखान्यातलं. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना, आपल्यालाही, उजव्या स्टिअरिंगच्या फोर्ड तिथूनच यायच्या. यात मालकाचा अपमान कुठे झाला? गाडी शंभरीची आहे आणि तिचं मूळ इंजिन शाबूत आहे असंच मी लिहिलं होतं.

चेसिस नंबरची शंका बरेच जण काढतात, कारण आपल्याला आजच्या गाड्यांची सवय. फोर्डने टीच्या चेसिसवर नंबर मारायला सुरुवात केली ती 1925 च्या सुमारास. त्याआधी इंजिन नंबर हाच गाडीचा नंबर. तो इंजिनच्या ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पाणी आत जातं त्या तोंडाच्या वर असतो. त्यामुळे या गाडीच्या चेसिसवर नंबर सापडला असता, तर उलट मला संशय आला असता.

आता रंग. याबद्दल मला जरा कळकळीने बोलायचं आहे, कारण सॅंडब्लास्टिंगने (वाळूचा मारा करून रंग उडवल्याने) गेलेली माहिती पुन्हा कुठल्याही किमतीला मिळत नाही. पुढच्या सीटखाली, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, तिथे नाण्याएवढ्या जागेवर बारीक वॉटर पेपर हलक्या हाताने फिरवला. वर लाल, त्याखाली हिरवट राखाडी, मग प्रायमर आणि सगळ्यात खाली काळा, अशी वर्तुळं एकात एक दिसली. 1914 ते 1925 या काळात टी कारखान्यातून फक्त काळ्या रंगात निघत होती, म्हणजे तळातला हा काळा थर पहिला असण्याची दाट शक्यता आहे. तोच घासून टाका असं तुम्ही सांगताय! चेरी लाल हा या गाडीचा मूळ रंग कधीच नव्हता. मोटारींवर क्रोम येऊ लागला तोही 1920 च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी पितळ, निकेल किंवा सरळ काळा रंग.

मी मालकाला खर्च करू नका असं म्हटलेलं नाही. खर्च कुठे करा ते सांगितलं. टीचा पायाचा ब्रेक चाकांवर लागत नाही, तो गिअरबॉक्समधल्या ड्रमवर लागतो आणि तिथून मागच्या एक्सलमार्फत चाकं अडवतो. त्या एक्सलमध्ये मूळचे थ्रस्ट वॉशर (गिअरला जागेवर धरणाऱ्या चकत्या) व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूचे असतात. शंभर वर्षांत ते भुसभुशीत होतात आणि एक दिवस त्यांचा भुगा होतो. मग आतला गिअर सरकून दात सुटले, की इंजिनचा जोर चाकांपर्यंत पोचत नाही आणि ब्रेकही लागत नाही. घाटात असं झालं तर काय होईल याचा विचार करा. तिथे काशाचे वॉशर घाला, मूळ भागाचा मोह अजिबात नको. इंजिनसाठी ठिणगी पाडणाऱ्या कॉइलचंही तसंच. लाकडी पेटी जुनीच ठेवा, पण आतला मेणकागदाचा कपॅसिटर काढून 0.47 मायक्रोफॅरडचा नवा बसवा. आरे चाकात हलत असतील तर चाक नवं करा. मूळ आरे हिकरी या चिवट लाकडाचे होते, आणि गाडीला धक्के सोसणारं लाकूड लागतं, नुसतं पॉलिशला देखणं नव्हे. हे काम रॅलीत कुणाला दिसणार नाही, तरी पैसे आधी इथेच जायला हवेत.

कायद्याचंही लक्षात घ्या. 2021 च्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार नसलेली गाडीच विंटेज म्हणून नोंदवता येते. विंटेज गाड्यांना मिळणाऱ्या व्हीए मालिकेच्या नंबरासाठी 20,000 रुपये भरायचे आणि अर्जात साल भलतंच लिहायचं, हे मला पटत नाही.

तुमच्या मामांकडेही एक टी आहे आणि पुढच्या महिन्यात ती डेंटिंग-पेंटिंगला जाणार आहे, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. कृपया तिला हात लावण्याआधी मला तीन फोटो पाठवा: ब्लॉकची डावी बाजू, पुढचा एक्सल खालून आणि गिअरबॉक्सचं झाकण. नंबरवर रंग चढला असेल तर तो खरवडू नका, थिनरच्या बोळ्याने पुसा. आणि पेंटरला सीटखालचा पत्रा तूर्त सोडायला सांगा.