इम्पेरियस, हॅरीचा हट्ट आणि एक धबधबा

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा पुस्तकं काढून बसलो.

हॅरी पॉटरमधल्या जादूचे नियम चोख आहेत, असं मी लेखात लिहिलं आणि तुम्ही नेमकं इम्पेरियस शापावर, म्हणजे समोरच्याला आपल्या हुकमाचा ताबेदार करणाऱ्या जादूवर, बोट ठेवलंत. चौदा वर्षांचा हॅरी हा शाप झुगारतो, तर पाचव्या पुस्तकात खलनायक व्होल्डेमॉर्ट त्याच्या डोक्यात राजरोस कसा शिरतो? आणि ज्याला क्रुशियो (यातना देणारा शाप) धड जमला नाही, त्याला सातव्या पुस्तकात इम्पेरियो (इम्पेरियसचाच मंत्र) पहिल्याच फटक्यात कसा जमतो? लेखिकेने सोयीनुसार नियम वाकवले, हा तुमचा निकाल.

चौथ्या पुस्तकातला (२०००) तो वर्ग आठवा. मूडी या शिक्षकाचं सोंग घेतलेला माणूस हॅरीवर हा शाप टाकून हुकूम सोडतो: टेबलावर उडी मार. डोकं कसं हलकं, निश्चिंत झालेलं असतं आणि मागून एक आवाज कुरकुरतो, का म्हणून? हॅरी उडीही मारतो आणि स्वतःला आवरतोही. टेबलावर असा आदळतो की गुडघ्याच्या वाट्या फुटल्यासारखं वाटावं. याला मनोबल वगैरे म्हणू नका, हा निव्वळ हट्ट आहे. नको म्हणजे नको! ऑक्लुमेन्सीला, म्हणजे दुसऱ्याला आपल्या मनात शिरू न देण्याच्या विद्येला, लागतं याच्या उलट. राग, भीती, आठवणी बाजूला सारून मन रिकामं करायचं. हट्टी पोराला पाटावर डोळे मिटून बसवून बघा कधी. त्यात शिकवायला हॅरीचा नावडता मास्तर स्नेप, म्हणजे संतापाची सोय आधीच झालेली. शिवाय व्होल्डेमॉर्टमुळे स्वप्नात दिसणाऱ्या त्या दारापलीकडे काय आहे, हे हॅरीला बघायचंच होतं. मग तो आतून कडी कशाला लावेल?

एक मात्र कबूल. पहिल्याच शिकवणीत स्नेप म्हणतो की इम्पेरियसला तोंड देताना लागते तसलीच ताकद इथेही लागेल. हे वाक्य तुमच्या बाजूचं आहे. मी ती स्नेपची चूक समजतो, पण तसं पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही.

हॅरीचा क्रुशियो फसतो तेव्हा व्होल्डेमॉर्टची साथीदार बेलाट्रिक्स जो टोमणा मारते, तो मात्र यातनांबद्दल आहे. समोरच्याला दुखवण्यात मजा वाटली पाहिजे, नुसता न्याय्य संताप पुरत नाही. हॅरी इम्पेरियो वापरतो ते ग्रिनगॉट्स या जादूगारांच्या बँकेत चोरून शिरल्यावर, आणि तिथे त्याला कोणाला दुखवायचं नव्हतंच. व्होल्डेमॉर्टचा माणूस ट्रॅव्हर्स याला संशय आलेला, आणि बँक चालवणाऱ्या गॉब्लिन जमातीतला साथीदार ग्रिपहूक कानाशी घाई करतोय. अशा वेळी समोरच्याने मुकाट ऐकावं, ही इच्छा कोणाला शिकवावी लागते? (इतकं सहज जमलं, याचीच मला वाचताना धास्ती वाटली होती.)

खरं भोक तुमच्या नजरेतून सुटलंय. त्याच बँकेच्या भुयारात रुळांवर एक धबधबा कोसळतो. त्याखालून गेलं की वेषांतर, इम्पेरियस, सगळं धुऊन निघतं. हॅरीने ताब्यात घेतलेला बँकेतला गॉब्लिन बोग्रॉड भानावर येतो आणि हॅरीला त्याच्यावर पुन्हा शाप टाकावा लागतो. मग जादू मंत्रालयाच्या दारात असा एखादा नळ का नाही? थिकनेस नावाचा अधिकारी शापाखाली असतानाच जादूमंत्री होतो. रोझमर्टा शापाखाली बार चालवत राहते आणि कोणाला पत्ता नाही. गॉब्लिन आपली विद्या माणसांना देत नसतील, असं ठिगळ मी लावून पाहिलं. पण व्होल्डेमॉर्टविरुद्धचं पहिलं युद्ध संपल्यावर 'आमच्यावर इम्पेरियस होता हो' म्हणत त्याचे इतके साथीदार सुटले, त्यानंतर तरी मंत्रालयाने काहीही किंमत मोजून ते पाणी मिळवायला हवं होतं.

मूळ लेखातला 'चोख' हा शब्द काढतोय.