कट्ट्यावरची चर्चा : मोदकात गूळ किती?

मधुमेह असलेल्या मास्तरांनी यंदा मोदक खावा की खाऊ नये, एवढाच प्रश्न असता तर तो चहाचा पेला रिकामा होण्याआधी सुटला असता. परंतु चतुर्थी तोंडावर आलेली, भाई मुंबईहून सुट्टी काढून आलेले आणि कशात किती साखर असते हे दाखवणाऱ्या, शाळांतून लावलेल्या फलकांचा विषय अजून थंड न झालेला. त्यामुळे देवगडच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरील आमच्या कट्ट्यावर परवा दिवेलागणीला सुरू झालेला वाद जेवणाची हाक येईपर्यंत चालला. बोलणे अर्थातच मालवणीत झाले. दूरच्या वाचकांनाही ते नीट कळावे म्हणून येथे ते ग्रांथिक मराठीत उतरवले आहे.

सुरुवात भाईंनी केली. त्यांनी पिशवीतून डबा काढला, प्रत्येकाच्या हातावर ओट्सचा एकेक मोदक ठेवला आणि यात साखर नाही, गूळ नाही, तूप नाही, शिवाय हा संपूर्ण तळणमुक्त आहे, असे एखाद्या पत्रकार परिषदेत बोलावे तसे जाहीर केले. कट्ट्यासमोरच्या ओट्यावर मावशी नारळ सोलत बसल्या होत्या. चतुर्थीला अर्ध्या वाडीचे मोदक त्यांच्याच हातचे असतात. त्यांनी मान वर न करता विचारले, “उकडीचा मोदक तळणमुक्त करायला तो आपल्याकडे तळला होता कधी?”

भाई गडबडले, पण थांबले नाहीत. परंपरेचा आपल्याला आदर आहे, मात्र विज्ञान पुढे गेले आहे, गूळही आता जपून खावा लागतो, म्हणून आपण खजूर आणि गोडीच्या गोळ्या वापरतो, असे त्यांनी सांगितले. त्यावर मास्तर उसळून म्हणाले, “गूळ चालतो! साखर वाईट, गूळ चांगला.” मावशींनी कोयता बाजूला ठेवला आणि त्यांना विचारले, “हे तुम्हांला डॉक्टरांनी सांगितले की गुळाने?”

मावशींच्या प्रश्नातला रोख अगदी खरा आहे आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे, कारण गुळाच्या नावाखाली आपल्या घराघरांत मोठी फसगत चालली आहे. शंभर ग्रॅम साखरेत चारशेच्या जवळपास कॅलरी असतात, तर तेवढ्याच गुळात साडेतीनशे ते पावणेचारशे. गुळात थोडे लोह आणि इतर क्षार असतात हे खरे, पण रक्तातील साखर वाढवण्याच्या बाबतीत तो साखरेचा सख्खा भाऊच आहे. खजुरात तंतू असतात, तरी त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो. गोडीच्या गोळ्यांविषयी सांगायचे तर, वजन कमी करण्यासाठी कृत्रिम गोडी वापरू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली केली. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे. परंतु भाईंना मधुमेह नाही आणि वजन मात्र आहे.

हे कट्ट्यावरच्याच बाबीने बोलून दाखवले, तेव्हा भाईंनी त्याला गेल्या वर्षीच्या पैजेची आठवण करून दिली. मंडळाच्या त्या पैजेत आपण एकवीस मोदक खाल्ले, असा बाबीचा दावा आहे. त्यांतले दोन खिशात गेले, असा मास्तरांचा आरोप आहे. आणि खिशाला तुपाचा डाग पडला होता, अशी मावशींची साक्ष आहे. हा खटला वर्षभर चालू आहे आणि त्यात पाच-दहा मिनिटे गेली.

मग मावशींनी हिशेब मांडला. आपल्याकडे सर्रास दोन वाट्या खवलेल्या खोबऱ्याला एक वाटी चिरलेला गूळ घेतात. त्या सारणाचे मध्यम आकाराचे बारा ते पंधरा मोदक होतात, म्हणजे एका मोदकात दहा-बारा ग्रॅम गूळ आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आहारात सुमारे पन्नास ग्रॅम. आणि ती पंचवीसवर आणता आली तर अधिक बरे. पाच मोदक खाल्ले की पन्नास ग्रॅमचा कोटा तेथेच संपला, चहा आणि पेढे अजून बाकीच आहेत. आकडे मी सांगितले, पण वाटीचे गणित मावशींचे आणि निष्कर्षही त्यांचाच: “पदार्थ बदलू नका, गूळ कमी करा.”

गूळ कमी केला की सारण कोरडे पडते, मोदकाला चव राहत नाही, ही भाईंची शंका रास्त होती. संध्याकाळभरात त्यांनी काढलेली रास्त शंका तेवढीच. मावशींनी हात पुसले आणि सविस्तर सांगितले. दोन वाट्या खोबऱ्याला पाऊण वाटीपासून सुरुवात करावी आणि घरच्यांची जीभ सरावली की पुढच्या वर्षी अर्ध्या वाटीवर यावे. खोबरे त्याच दिवशी फोडलेल्या नारळाचे हवे, कारण ओल्या खोबऱ्याला स्वतःची गोडी असते. वेलदोडा आणि जायफळ नेहमीपेक्षा किंचित अधिक घालावे, आणि चिमूटभर मीठ विसरू नये, कारण मिठाने थोडा गूळही उठून दिसतो. थोडी भाजलेली खसखस घातली की सारण मोकळे न राहता धरून राहते. गूळ विरघळून त्याचे पाणी आटले आणि खोबऱ्याला चकाकी आली की लगेच कढई उतरावी. त्यापुढे एक मिनिटही परतले तर कमी गुळाचे सारण निवल्यावर रेतीसारखे होते. असे सारण टिकत मात्र नाही, ते त्याच दिवशी संपवावे, कारण टिकवण्याचे काम गोडीच करत असते.

मावशी पारीविषयी, म्हणजे मोदकाच्या वरच्या आवरणाविषयीही बोलल्या. उकड गरम असतानाच तेलपाण्याचा हात लावून मळली तर पारी कागदासारखी पातळ होते, कडेला बारीक कळ्या पडतात आणि मोदक लिंबाएवढा लहान करता येतो. नाचणीचा मोदक करायचा असेल तर निम्मे तांदळाचे पीठ हवेच, नाहीतर कळ्या पाडताना पारीला चिरा जातात. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणून मुलांना तो अवश्य द्यावा; पण त्यातही पिष्ट आहे, तेव्हा मास्तरांनी त्याला औषध समजू नये.

माझ्या मते आपल्या किनाऱ्यावरचे सणाचे गोड मुळात शहाणपणाचेच आहे. नागपंचमीला चिरणे-तळणे वर्ज्य, म्हणून हळदीच्या पानातल्या पातोळ्या वाफेवर शिजतात. शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, नारळाच्या रसाबरोबर खातात. तवशाच्या, म्हणजे मोठ्या काकडीच्या, धोंडसात (गोड केकसारख्या पदार्थात) तवशाचाच ओलावा असतो, त्यामुळे कमी गुळातही ते मऊ राहते. नुकसान होते ते बाहेरून येणाऱ्या खोक्यांनी. चाकरमानी गाडीतून उतरतात तेच बर्फीचे आणि चॉकलेटच्या मोदकांचे खोके घेऊन, आणि रात्री भजनाला दहा घरे फिरलेल्या माणसाच्या हातावर दहा पेढे पडतात. त्या पेढ्यांची मोजदाद कोणी करत नाही. बिचारा मोदक मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभा. भजनी मंडळींना चण्याची उसळ, उकडलेले शेंगदाणे, खडीसाखर कमी आणि खारीक-खोबरे अधिक घातलेले पंचखाद्य का देऊ नये? देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली पुढे आला. तेवढ्या मोठ्या संख्येत आपल्या वाडीतली माणसेही आहेत, हे मला फार लागते.

खोक्यांचा विषय निघताच भाई म्हणाले की प्रेमाने आणलेल्या वस्तूला नावे ठेवू नयेत. येथे मास्तरांची जुनी जखम उघडी पडली. भाईंनी स्वतःच्या कलमांची म्हणून प्रेमानेच दिलेली हापूसची पेटी अढीत घालूनही पिकली नव्हती, आणि शेवटी तिचे लोणचे घालावे लागले होते. “त्यात साखर नव्हती, एवढे तरी कबूल करा,” असे भाई म्हणाले. हे त्यांचे त्या दिवसाचे एकमेव चांगले वाक्य.

“ते राहू दे. मी मोदक किती खाऊ?” मास्तरांनी विचारले.

“साखर आटोक्यात असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर दोन,” मावशी म्हणाल्या. “पण मोदक ताटात आला की भाताची मूद ताटातून उठली पाहिजे. तांदूळ दोन्हीकडे आहे, तो काय पारीत गेला म्हणून पाहुणा होत नाही.”

मास्तरांच्या वाट्याचे उरलेले मोदक आपण सांभाळू, असे बाबीने लगेच सांगितले. तेव्हा मावशींनी यंदाची पैजच बदलली: पोटभर खाणारा नव्हे, तर दोन मोदक खाऊन पानावरून उठणारा जिंकेल. बाबीने आपण हरलो हे तेथेच मान्य केले. बक्षीस म्हणून भाईंनी मोठ्या मनाने आपल्या कलमांची एक पेटी जाहीर केली, आणि मास्तर म्हणाले, “मग मी एकवीस खातो, मला जिंकायचेच नाही.” त्यावर जो हशा उसळला त्यात भाईही सामील झाले, आणि पैजेच्या अटी ठरवायच्या राहूनच गेल्या.