कारकुनांचा कारखाना? मग चारच कसे निघाले?

निकालांचे दिवस आले की व्हॉट्सअॅपवर एक मजकूर हटकून फिरतो: ‘१८५७ साली इंग्रजांनी मुंबई विद्यापीठ काढलं ते कारकून पाडायला. पोरं नुसती घोकायची, आणि त्यांची मंडळं म्हणजे साहेबाच्या तालावरचा नाच.’ यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो खपतो.

कारकुनांचं आधी. सरकारला शिकलेली माणसं हवी होती, यात वाद नाही. पण पहिली मॅट्रिक झाली १८५९ मध्ये आणि पहिले बी.ए. निघाले १८६२ मध्ये. किती? चार! रानडे, भांडारकर, मोडक, वागळे. पाच वर्षांत चार नग काढणारा कारखाना कोण चालवील? कारकून व्हायचे ते बहुतेक उंबरठ्यावरच. मॅट्रिक ही खरं तर विद्यापीठात शिरण्याची परीक्षा. पण ती पास झाली की पुष्कळांना नोकरी पुरे व्हायची, पुढे जातो कोण!

घोकंपट्टीचं म्हणाल, तर ती होती. त्या काळी विद्यापीठ स्वतः शिकवतच नव्हतं. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घ्यायची, पदव्या द्यायच्या, एवढंच काम. शिकवणं कॉलेजांकडे. मग सगळी मदार परीक्षेवर, आणि पोरं घोकणारच.

तिसरा आरोप मात्र साफ चुकीचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेतल्या तरुणांची स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी १८४८ ची, म्हणजे विद्यापीठाहून नऊ वर्षांनी थोरली. ती उभी राहताना तिथले साहेब, प्रोफेसर पॅटन, पाठीशी होते, हे कबूल. पण तिची मराठी शाखा, ज्ञानप्रसारक सभा, दादोबा पांडुरंगांच्या अध्यक्षतेखाली मराठीतून निबंध वाचत होती. आणि १८४९ मध्ये याच पोरांनी मुलींच्या शाळा काढल्या, त्या कोणत्या साहेबाच्या तालावर? एल्फिन्स्टनमध्ये शिकून नुकतेच तिथेच शिकवू लागलेले दादाभाई नौरोजी आणि त्यांचे सोबती घरोघर फिरून मुली मागत. काही बापांनी तर जिन्यावरून खाली ढकलून देऊ, अशी धमकी दिली. तरी मुली आल्या. सकाळच्या वेळी ही मंडळी पगार न घेता शिकवत. नाना शंकरशेटांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात शाळेला जागा दिली.

या पोरांनी १८४९ मध्ये मुलींना पाटी दिली. विद्यापीठाने आपलं दार बायकांना उघडलं ते १८८३ मध्ये.