ती पोस्ट माझी आहे, आणि त्यातलं साल चुकीचं आहे

परवा सकाळी मामानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक भलीमोठी पोस्ट पाठवली, सोबत "वाच गं, शाहू महाराजांची लई चांगली माहिती हाय". उघडली आणि पहिल्याच ओळीला कळलं की ही तर माझीच. दोन वर्षांपूर्वी मी इथंच फेसबुकवर लिहिलेली, शब्दन् शब्द तोच, मी जिथं चुकून दोन स्वल्पविराम टाकलेले तिथं दोनच. फक्त शेवटी माझं नाव नाही, "संकलन" म्हणून भलत्याच माणसाचं नाव. मामाला फोन केला, म्हटलं मामा हे मी लिहिलंय. मामा म्हणाला, "मग तुझं नाव कुठाय त्यात?"

नाव गेल्याचं वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त जीवाला लागलं ते साल. मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवायचा महाराजांचा हुकूम २६ जुलै १९०२ चा. महाराज आणि बाबासाहेब आंबेडकर एकत्र आले ती माणगाव परिषद १९२० ची, तिच्याबद्दल पण त्याच पोस्टमध्ये लिहीत होते, त्या नादात हुकुमापुढं १९२० टाईप झालं. तासाभरात एका सरांनी कमेंटमध्ये दाखवून दिलं, मी लगेच दुरुस्त केलं, दुरुस्त केल्याचं खाली लिहिलं पण. तेवढ्यात कुणीतरी कॉपी मारून झालेली होती, आणि ते १९२० आजपण फिरतंय. मामाच्या मोबाईलमध्ये आहे, गेल्या जयंतीला एका बॅनरवर पण बघितलं. खाली माझं नाव असतं तर कुणीतरी येऊन विचारलं असतं की बाई हे साल कुठनं काढलं, आणि मी सांगितलं असतं. आता विचारायचं कुणाला? त्या संकलनवाल्याला तरी कुठं माहितेय.

आणि फक्त माझंच नाव गेलं असं पण नाही. कोल्हापुरातल्या करवीर नगर वाचन मंदिर ह्या ग्रंथालयात बसून मी वह्या भरल्या होत्या, कुठली गोष्ट कुठल्या पुस्तकातनं घेतली, कितव्या पानावरची, ते सगळं पोस्टच्या शेवटी लिहिलेलं. ज्यांनी आयुष्य घालवून दप्तरं चाळली, मोडी वाचली, त्यांच्या जिवावर माझी पोस्ट उभी होती. कापणाऱ्यानं ती सगळी नावं पण माझ्याबरोबर कापली.

फोटोचं तर विचारूच नका. माझा एक मित्र थंडीत पहाटे साडेपाचला रंकाळा तलावावर जाऊन उभा राहतो, धुकं पाण्यावरनं उठायच्या त्या दहा मिनिटांसाठी. त्याचा एक फोटो एका हॉटेलच्या मेन्यूकार्डावर छापलेला निघाला, कोपऱ्यातलं नाव बरोब्बर क्रॉप केलेलं. विचारायला गेला तर "अहो दादा, गुगलवर होता म्हणून घेतला". गुगल काय पहाटे उठून रंकाळ्यावर येतंय का?

बऱ्याच जणांना वाटतं की रजिस्टर केलं नाही म्हणजे कॉपीराइट नाही. तसं नसतं. आपला कायदा १९५७ चा, त्यात लिहिलेलं किंवा काढलेलं तयार झालं की हक्क आपोआप लागतो, रजिस्ट्रेशनची सक्ती नाही. लेखकाचा हक्क तो हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं. आपल्या कोल्हापूरचे चित्रकार बाबुराव पेंटर १९५४ ला गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०१४ संपताना संपला, आज कुणीही छापा, पण खाली "बाबुराव पेंटर" लिहायला काय जातंय? टीका, परीक्षण, अभ्यास यासाठी थोडा उतारा घ्यायला कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. माहितीवर तर कुणाचाच हक्क नाही, १९०२ हे साल काय माझ्या मालकीचं नाही, ती माहिती घ्या आणि तुमच्या शब्दात लिहा, मला आनंदच आहे. माझी वाक्यं जशीच्या तशी उचलणं वेगळं. आणि हो, "साभार" लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं पण होत नाही, अख्खा लेख किंवा फोटो वापरायचा तर आधी विचारायचं. हक्क विकून टाकले तरी "हे मी केलंय" म्हणायचा लेखकाचा अधिकार राहतो, ते कलम ५७.

जून २०२५ आठवा. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा ह्या इटलीच्या कंपनीनं आपल्या कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा अख्खं गाव पेटून उठलं होतं. मी पण उठले होते. चपलेला २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, तो कायदा वेगळा, पण राग कशाचा होता? घाम आमच्या कारागिराचा आणि नाव कुठंच नाही, ह्याचाच ना? ओरड झाल्यावर कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा भारतातल्या चपलेचीच. त्या आठवड्यात ज्यांनी तावातावानं स्टेटस ठेवले त्यातले कितीतरी जण रोज दुसऱ्याची कविता नाव पुसून टाकतात, आणि विचारलं की म्हणतात, एवढं काय त्यात.

मामानं काल त्यांच्या ग्रुपवर माझं नाव आणि बरोबर साल टाकलं, ग्रुपमधल्या दोघांनी आपल्या पुढच्या ग्रुपवर पण दुरुस्त केलं. तुमच्याकडं ती १९२० वाली पोस्ट आली तर पाठवणाऱ्याला एवढं कळवा, हुकूम १९०२ चा आहे, आणि मूळ पोस्ट माझ्या वॉलवर आहे, पुस्तकांच्या नावांसकट.