वसुलीला तीन फोन, माल देताना एकही नाही

आज दुपारी पोस्टमन नोटीस देऊन गेला. यवतमाळच्या एका ठोक व्यापाऱ्याच्या वकिलाची. तीन बिलं, मिळून १,४३,६०० रुपये, वर २४ टक्के व्याज, १५ दिवसांत भरा. बिलांवर आमच्या कृषी केंद्राचं नाव, जीएसटी नंबर, परवाना नंबर, सगळं बरोबर. पण माल आमच्या दुकानात आलाच नाही. तणनाशकाचे आणि फवारणीच्या औषधाचे खोके उचलले ते पाडव्याला आमचं काम सोडून गेलेल्या मुलाने. जून-जुलैत. "शेटजींनी पाठवलं" एवढंच सांगून.

आणि भरायचे बाबांनी.

आपल्याकडे पाडव्याला गड्याचं साल, म्हणजे वर्षाच्या कामाचा करार, संपतं, हे कुणाला सांगावं लागतं का? हा तर नऊ वर्षं होता आमच्याकडे. पाडव्याच्या दिवशी आईने त्याला पुरणपोळीचं जेवू घातलं, बाबांनी कपडे केले, हातावर ५,००० ठेवले. जाताना पाया पडला. ठोकवाल्याकडून माल आणायच्या चिठ्ठ्यांचं चिठ्ठीबुक मात्र त्याच्याच गाडीच्या डिक्कीत राहिलं. बाबांच्या ध्यानात आलं होतं. म्हणाले, राहू दे, आणून देईल.

वकील मामांना फोन केला. ते म्हणतात, आपली बाजू वाटते तितकी भक्कम नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २०८: तुम्ही माणसाला कामावरून काढलं, तरी समोरच्या व्यापाऱ्याला ते कळेपर्यंत त्याच्यापुरता तो तुमचाच माणूस. कलम २३७ ही तसंच, तुमच्या वागण्यावरून समोरच्याचा विश्वास बसला असेल तर त्याचे परिणाम तुमच्यावर. नऊ वर्षं त्याच पोराच्या हाती माल दिला, बिलं बाबांनी भरली, हाच तो विश्वास.

बरं, मान्य. आमचे आबाजी गडी बदलला की दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन किराणावाल्याला सांगून यायचे. बाबांनी तेवढं केलं नाही.

पण त्या व्यापाऱ्याचं काय? सुरुवातीला बाबांच्या सहीची चिठ्ठी असल्याशिवाय एक डबा देत नव्हता. नंतर चिठ्ठी मागणंच सोडलं, कारण माल खपत होता. गेल्या महिन्यात वसुलीसाठी बाबांना तीन फोन आले. तिसऱ्या फोनवर भाषा अशी, की बाबा फोन ठेवून बराच वेळ गप्प बसले. तोच नंबर जूनमध्ये नव्हता का यांच्याकडे? "काकाजी, पोरगा आला आहे, देऊ का माल?" एवढं विचारायला किती वेळ लागतो? उधारी देताना डोळे मिटायचे आणि वसूल करताना कायदा काढायचा, ही कुठली रीत?

आणि कुणी म्हणेल, दुकानदार आहात, दीड लाख म्हणजे काय. गावातल्या कृषी केंद्राचं गणित ज्याला माहीत आहे तो असं म्हणणार नाही. जूनमध्ये आम्ही बियाणं-खत उधारीवर देतो, कापूस घरी आला की पैसे येतात. बोंडं फुटली नाहीत तर येतच नाहीत. बाबा अजून कुणाच्या दारात नोटीस घेऊन गेलेले नाहीत.

मामा म्हणाले, पोलिसांत द्या. जुन्या ४२० च्या जागी आता न्याय संहितेचं ३१८ आहे. मीही तेच म्हटलं. खूप बोलले मी त्या पोराला, इथे लिहिता येणार नाही असं. आमच्याच ताटात जेवलेला.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "त्याच्या बायकोचं ऑपरेशन झालं जूनमंदी. मले मांगतले असते तं देल्ले असते."

मी विचारलं, मग पाडव्यालाच यवतमाळला फोन करून का नाही सांगितलं, की हा आता आपल्याकडे नाही? तर म्हणे, "तसं सांगतलं का लोकं म्हणतात, चोरी केली असन. मंग त्याले कोन ठेवते कामावर?"

यावर मी काय बोलणार होते? दुपारपासून डोक्यात तेच फिरतंय. पोराचं नाव खराब होऊ नये म्हणून जो फोन केला नाही, त्याचीच किंमत १,४३,६००.

तरी मी सगळे पैसे भरू देणार नाही. कायदा काहीही म्हणो. ज्याने न विचारता माल दिला त्याने अर्धा तोटा सोसावा. दुकानं असलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, तुमचा माणूस सोडून गेला असेल तर आज रात्रीच ठोकवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप करा. "अमुक तारखेपासून आमच्याकडे नाही", बस. चोर म्हणायची गरज नाही. आणि चिठ्ठीबुक मागून घ्या.

उद्या सकाळच्या एसटीने मी यवतमाळला जाते आहे. त्या तीन बिलांमागे चिठ्ठ्या लावल्या आहेत का, आणि असतील तर खाली सही कुणाची आहे, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे. बाबांनी ही पोस्ट वाचली. म्हणाले, पोट्ट्याचं नाव नोको टाकू. टाकलेलं नाही.