‘आमच्या वेळी नव्हते असले चोचले’ : एका आजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

आजी, नमस्कार.

बाळ झाल्यावर आम्हा दोघांचं काय झालं, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही ‘एक आजी, नाशिक’ अशी सही करून लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : आमच्या वेळी असले चोचले नव्हते, चार मुलं वाढवली पण ‘स्वतःला शोधायला’ कुठे गेलो नाही, सहा महिन्यांचं लेकरू सासूच्या गळ्यात टाकून नवऱ्याबरोबर मिसळ खायला जायचं म्हणजे निव्वळ हौस, आणि नवराबायकोच्या जवळिकीबद्दल चारचौघांत लिहायचं नसतं. दोन दिवस उत्तर लिहून खोडतेय. पहिलं फारच तणतणत लिहिलं होतं.

आधी जे कबूल ते सांगते. ‘स्वतःचा शोध’ हे शब्द आता वाचताना मलाही खटकले. हिमालयात जाऊन आल्यासारखं वाटतं. मला म्हणायचं होतं ते एवढंच, की सकाळी मी काही खाल्लं की नाही, हे दुपारी दोनला मला आठवायचं नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीने फोनवर विचारलं, ‘कशी आहेस?’ तर मी म्हटलं, ‘आता शी नीट होतेय.’ ती बिचारी गप्पच झाली. दुसरं, सासूबाईंना मी लेखात एका ओळीत उरकलं, ती माझी चूक. त्या दिवशी गुडघे धरलेले असताना त्यांनी बाळ सांभाळलं, आणि ‘जा गं, पण पाव जास्त खाऊ नकोस’ असं वर सांगितलंही.

पण चोचले? आजी, चोचले तर तुमच्याच वेळी होते, आणि ते फार शहाणे चोचले होते. सव्वा महिना पाण्यात हात घालायचा नाही, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जेवल्यावर बाळंतशेपा, रोज अंग रगडायला बाई. यातला निम्मा सरंजाम दुधासाठी म्हणा, उरलेला तरी बाईच्या कंबरेसाठीच होता ना? मलाही माहेरी तो सगळा मिळाला. तक्रार नाही.

आमचा घोटाळा झाला तो मात्र त्या माहेरीच.

माहेर सांगलीला, राहतो डोंबिवलीत. मला २६ आठवड्यांची रजा होती. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने तेवढी मिळते. बापासाठी केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस आहेत, खासगी कंपन्यांना तसा कायदाच नाही. माझ्या नवऱ्याला पाच दिवस मिळाले, त्यातले दोन प्रवासात गेले. मग शुक्रवारी रात्री कल्याणला महालक्ष्मी पकडायची, शनिवारी सकाळी सांगली, रविवारी रात्री परत. आई त्याला जावयाचं ताट वाढणार. बाळ त्याच्या मांडीवर यायचं ते न्हाऊनमाखून, तीट लावून, झोपलेलं. जरा कुरकुरलं की कुणीतरी उचलून न्यायचं : ‘द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचं.’ तीन महिन्यांत मी आई झाले आणि तो पाहुणा.

डोंबिवलीला परत आलो तेव्हा मी मुकादम होते. लंगोट असा नाही. मान धर. दुपटं ते नको, मऊ घे. त्याने काहीही केलं की मी ते सोडून परत करायचे. एका रात्री तीनला बाळ माझ्या हातात देत तो म्हणाला, ‘मी या घरात कोण आहे, ते एकदा सांगून ठेव.’ आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं, मला भांडता आलं असतं.

आता तुमचा जवळिकीबद्दल लिहिण्यावरचा आक्षेप. सहा आठवड्यांच्या तपासणीला डॉक्टरांनी मला दहा प्रश्नांचा कागद दिला होता. एडिंबरा प्रश्नावली म्हणतात, १९८७ सालची, बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाचपणी करायला. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं ते विचारतात, आणि पहिलाच प्रश्न हसण्याबद्दलचा : गमतीत गंमत दिसतेय का? मी पेन हातात धरून बसून राहिले. पहिल्या पंधरवड्यातलं रडू पुष्कळजणींना येतं आणि ओसरतं. माझं ओसरलं नव्हतं. त्या कागदावरून आजार ठरत नाही, पुढे नीट बोलायला हवं का, एवढंच कळतं. आम्ही बोललो. मला औषध लागलं नाही. जिला लागेल तिने खुशाल घ्यावं. त्याच डॉक्टरांनी सांगितलं की दूध पाजत असताना इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी राहतं, त्याने कोरडेपणा येतो, जवळ येणं दुखतं. तोवर मला वाटत होतं माझं मनच उडालंय, आणि त्याला वाटत होतं त्याच्यावरून उडालंय. चारचौघांत हे लिहायचं नाही म्हणता, मग चारचौघींनी ते वाचायचं कुठे?

मिसळीचं म्हणाल तर ती नंतरची गोष्ट. त्याआधी एक अंघोळ झाली. मला ताप होता, सासूबाई गावाला. तो पँट दुमडून मोरीत पाटावर पाय पसरून बसला, नडगीवर बाळ पालथं, हातात तांब्या. मी दाराबाहेर उभी, तोंडावर हात दाबून, कारण पाणी जरा कोमटच वाटत होतं. बाळाने सूर लावला. आणि हा माणूस एकेका तांब्याला एकेक स्टेशन म्हणायला लागला, अगदी गाडीतल्या घोषणेच्या चालीत : डोंबिवली. कोपर. दिवा. मुंब्र्याला बाळ गप्प झालं. कळव्याला मी हसले, इतकी की खाली बसावं लागलं. ठाण्याला टॉवेल. त्या दिवसापासून अंघोळ त्याची. मला मोरीत प्रवेश नाही.

मग मिसळ. पहिला पाऊण तास बाळाबद्दलच बोललो, कबूल. पाव संपले तेव्हा कळलं की दोन महिन्यांपूर्वी त्याला ऑफिसात दुसऱ्या कामावर टाकलंय आणि नवा साहेब छळतोय. एका घरात राहून मला पत्ता नव्हता. ‘सांगायचं कधी, तू जागी असलीस तर बाळ जागं.’ तर अशी हौस, आजी. बिल दोनशे दहा रुपये.

आणि एक विचारू का? रागावू नका. तुमच्या प्रतिक्रियेत शेवटी वाक्य आहे : ‘आमच्या ह्यांनी तर मोठ्या माणसांसमोर मुलाला कधी कडेवरही घेतलं नाही.’ जुन्या काळची शिस्त दाखवायला तुम्ही ते लिहिलंत. मी मात्र तिथेच अडकले. माझे आजोबाही तसेच होते म्हणे. बाबा सांगतात, वडिलांचा हात अंगाला लागला तो थेट मुंजीत.

मोठी माणसं नसताना घेतलं का हो त्यांनी? रात्री, दार लावल्यावर? जमलं तर लिहा. उत्तराची वाट बघते.